आमसुलाने न उतरलेली लाली

आई, आज एका विद्यार्थिनीने वर्गात विचारलं, नायसिनची गोळी घेतल्यावर माणूस लाल का होतो. मी खडू हातात घेऊन फळ्याकडे वळले. मला दिसत होतं ते स्वारगेटजवळचं औषधांचं दुकान आणि काउंटरमागे पांढरा कोट घातलेली तू. त्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत फार्मसी शिकलेली बाई तू एकटीच. तरी मालक तुला 'गोळ्या देणाऱ्या बाई' म्हणायचे. मला राग यायचा. तू म्हणायचीस, "म्हणू देत गं. गोळी बरोबर दिली की दुकानाचं नाव होतं, चुकली की बाईचं."

तेव्हा पुण्यात घरटी एक मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाला होता, आणि सुट्टीत येताना बदाम, शांपू आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या आणत होता. आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतल्या त्या निवृत्त हेडक्लार्क काकांच्या मुलाने त्यांना कोलेस्टेरॉलसाठी नायसिनची भली मोठी बाटली आणून दिली. एका सकाळी काका दुकानात शिरतात ते चेहरा, मान, कान लालबुंद आणि त्यावर आमसुलाचं पाणी चोळलेलं. मागे काकू, हातात वाटी. "पित्त उठलंय यांना! काल तुमच्या या बाईंनीच फोनवर सांगितलं, व्हिटॅमिनच आहे, घ्या खुशाल!" दुकानात गर्दी. मालक तुला म्हणाले, "बाई, असं सांगितलं असेल तर उद्यापासून येऊ नका." बाबा गेल्यापासून घर तुझ्या त्या नोकरीवर चालत होतं. मला कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी आत स्टुलावर बसले होते.

तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मग मालकांना म्हणालीस, "दुकानाच्या फोनवरून सांगितलं ना, मग मीच सांगितलं. त्याचं नंतर बघू." आणि काकांकडे वळलीस. "अहो काका, आधी बसा. दम लागतोय? ओठ, जीभ सुजल्यासारखी वाटतेय?"

"नाही हो. नुसती आग आग होतेय."

"गोळी कधी घेतलीत?"

"तासाभरापूर्वी. उपाशीपोटी. वर कडक चहा."

त्यांच्या बाह्या वर करून तू दोन्ही हात नीट तपासलेस. "पित्त असतं तर गांध्या उठल्या असत्या. इथे एकही नाही. काकू, आमसूल आमटीला ठेवा." मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंस, "हे बी-थ्री व्हिटॅमिन. शेंगदाण्यातून, धान्यातून मिळतं तेवढ्याने असलं काही होत नाही. या एका गोळीत त्याच्या कितीतरी पट आहे. एवढं एकदम पोटात गेलं की कातडीतल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात आणि रक्त वर येतं. गरम चहाने त्यात भर. घड्याळ बघा, थोड्या वेळात उतरेल." आणि उतरलंच. लोक पांगले, काका उठले, पण बाटली तू सोडली नाहीस. "लाली दिसली म्हणून धावत आलात. या गोळीने साखर वाढू शकते, यकृताला त्रास होऊ शकतो, ते आरशात दिसत नाही. डॉक्टरांना विचारून या, मग न्या." चार दिवसांनी काका परत आले. त्यांची साखर मुळातच काठावर होती आणि डॉक्टरांनी गोळीला साफ नाही म्हटलं होतं. मालक त्या दिवसापासून तुला मॅडम म्हणायला लागले.

तू गेल्यानंतर पुष्कळ काही कळलं. नायसिनने कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारतात, पण नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला दिलं तरी त्यामुळे हार्ट अटॅक काही कमी होत नाहीत, म्हणून आता डॉक्टर ते क्वचितच देतात. तुला सांगितलं असतं तर "मग? अमेरिकेहून आलं म्हणजे अमृत का?" एवढंच म्हणाली असतीस. आज मी औषधशास्त्र शिकवते ते तुझ्यामुळे, आणि मला तुझा फार अभिमान वाटतो. हे तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

आणखी एक म्हटलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. आदल्या दिवशी तू मागे औषधं लावत होतीस तेव्हा फोन वाजला. फोनवर आपला आवाज सारखाच यायचा. "व्हिटॅमिनच आहे, घ्या खुशाल," असं मी सांगितलं होतं. घरी जाताना तू फक्त म्हणालीस, "यापुढे दुकानात फोन वाजला तर मला हाक मार." मी "बरं" म्हणाले. तू होतीस तोवर त्याबद्दल आणखी एक शब्द बोलले नाही.