पापलेटाची मापं

रत्नागिरी, ता. ११ नोव्हेंबर २००२

ती. आण्णांस,
भागूचा शि. सा. न. वि. वि.

कांद्याची लागण आटोपली का? मी बंदरावर नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलं होतं. सकाळी होड्या लागल्या की पापलेटं मोजते. लांबी, वजन, आणि पोट चिरून अंडी धरलीत का ते. त्यावरून मासा कसा वाढतो, दर्यात किती उरलाय, याचा अंदाज येतो. तीन वर्षांची मापं जुळवली आणि धास्तावले. मासा दरवर्षी लहान होतोय. निम्मी पापलेटं एकदाही अंडी न घालता जाळ्यात येतात.

सरकारला पाठवायच्या अहवालात बारीक भोकांची जाळी बंद करा, असं लिहावं लागेल. यमुनामावशी मासळी विकते. तिनं पहिल्या दिवसापासून मला टोपली मोजू दिली, तापात पेज आणून दिली. तिच्या मुलाचं जाळं तसलंच आहे. सोबतचे म्हणतात, मोघम लिहून मोकळी हो.

आपली,
भागू

पिंपरी पेंढार, ता. २० नोव्हेंबर २००२

चि. भागूस,
आण्णाचे अनेक आशीर्वाद.

लागण झाली. माळकऱ्याची पोर माशाची पोटं चिरती म्हणून तुझा भाऊ चांगदेव रोज हसतो. पेजेचं वाचलं तवा तुझ्या आईचं डोळं भरलं.

मोघम लिहू नको. मागं पाझर तलावाच्या मोजणीला आलेला साहेब आमच्याशी लई गोड बोलला. आपली जमीन जाणार, हे शेजारच्या गेणभाऊला नोटिशीतून कळलं. जमिनीपरीस ते त्याला जास्त लागलं व्हतं. कागद जायच्या आधी त्या बाईला तू सोता सांग. ती रागावंल. रागवू दे.

जिवाला जप.
रखमाजी

रत्नागिरी, ता. १५ डिसेंबर २००२

ती. आण्णांस,
शि. सा. न.

मावशीच्या अंगणात जाऊन सांगितलं. ती मासे साफ करत राहिली. मग म्हणाली, माझ्याच टोपलीतलं मोजलंस आणि माझ्याच पोरावर उलटलीस. दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवला, आकडे जसेच्या तसे. सरकार काय करील, ठाऊक नाही.

पुढं दोन आठवडे तिनं टोपली आणली नाही. तिचं बघून बाकीच्या बायकांनीही नाही. काल मात्र आली, टोपली माझ्यापुढं ठेवली आणि पाठ करून उभी राहिली. सगळी पापलेटं तळहाताएवढी. मोजून झाल्यावर तिनं मागं न बघताच विचारलं, एकात तरी अंडी होती का. मी नाही म्हणाले. तिनं वळून टोपली डोक्यावर घेतली. मग म्हणाली, हेही लिही.

माया आहे तशीच असू द्या.
भागू