झडप, कवळी आणि तुझं सोवळं

आई, माझ्या हृदयात आता धातूची झडप आहे. जुनी खराब झाली म्हणून डॉक्टरांनी ती काढून ही बसवली. ती वाजते. वीज जाऊन भवानी पेठेतले शेजारचे यंत्रमाग थांबले, की आपल्या स्वयंपाकघरात तिची टिकटिक स्पष्ट ऐकू येते. तुझी सून म्हणते, "बरं झालं की! आता तुम्ही घरात कुठं आहात ते हाका मारून विचारायला नको."

मला मात्र वेगळंच कुतूहल लागलंय. देवीचा पुरणाचा नैवेद्य तुझ्यामागे मीच करतो. कॉलेजातून आलो की तू मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवायचीस. "पट्टा काढ, घड्याळ काढ, मग ये आत." अजूनही मी आंघोळ करून, सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून, अंगावरचं सगळं उतरवूनच शेगडीपाशी जातो. पण ही झडप उतरवून कुठं ठेवू? परवा पुरण वाटता वाटता हात थांबला. कुठल्याशा कारखान्यात घडलेली ही वस्तू, किती अनोळखी हातांतून आलेली, आणि आता माझंच रक्त तिच्यातून वाहतंय. मी एक वस्तू घेऊन आत आलोय, की ती आता मीच आहे?

तेवढ्यात तुझी कवळी आठवली आणि एकटाच हसत सुटलो. वाटीत ठेवलेल्या कवळीला तू सोवळ्यात बोटसुद्धा लावायची नाहीस, पण आंघोळीआधी ती तोंडात घातली की आंघोळ उरकून खुशाल पोळ्या लाटायला बसायचीस. मी चिडवलं तर म्हणालीस, "तोंडात आहे तोवर दातच की ते! चावतंय कोण, मी का वाटी?" तसं पाहिलं तर झडपही मीच. मग उद्या गुडघे, डोळे, कान एकेक करून बदलले तर? कुठवर मला आत घेशील आणि कुठं दारात अडवशील? खरंच विचारतोय. तुझ्याकडे उत्तर असणारच, बहुतेक मला न आवडणारं.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. डॉक्टरांनी दोन झडपा सुचवल्या होत्या, एक जनावराच्या शरीरातून घेतलेली आणि एक धातूची. मी सगळ्यांना सांगितलं, आईच्या सोवळ्याला जनावराचं चाललं नसतं, म्हणून धातूची घेतली. ऐकून मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं कारण ते नव्हतं गं. धातूची जास्त वर्षं टिकते, असं डॉक्टर म्हणाले होते. मला इतक्यात तुझ्याकडे यायचं नव्हतं, आई.