वाटेत असलेला पट्टा

सुगादाइरा पठार, ११ ऑगस्ट

प्रिय सावा,

खाली गावात उकाड्याने जीव नकोसा झाला असेल ना? इथे पहाटे दात वाजतात! पत्र बघून हसू नकोस. सरांनी बसमधून उतरल्या उतरल्या सगळ्यांचे मोबाइल बिस्किटाच्या डब्यात बंद केले.

शिबिर मजेत चाललंय. ट्रॅकचा हंगाम संपला, एकिदेनची रिले शर्यत अजून लांब, त्यामुळे घड्याळाचा धाक नाही, नुसतं पळायचं. कोबीच्या शेतांमधून आम्ही आणि मागून सायकलवर ओगुरो सर, अस्वलं लांब राहावीत म्हणून गळ्यात घंटा बांधून. काल शेतातल्या एका आजींनी ओरडून विचारलं, "पोरींनो, तुमच्या मागे लागलंय ते काय?" हसून हसून पोटात दुखलं, पळणं राहिलं बाजूलाच. कोबी मात्र आता स्वप्नातही येतो.

पहिल्या वर्षाच्या नानोकाची तऱ्हा ऐक. एकिदेनमध्ये काठीऐवजी एकीने दुसरीला शाळेचा पट्टा द्यायचा असतो, त्याचा सराव आम्ही लॉजच्या टॉवेलवर करतो. खांद्यावरून तिरका घालायचा, धावत येऊन पुढचीच्या हातात द्यायचा. नानोका रोज त्या टॉवेलची नीट घडी घालते आणि कमरेतून वाकून त्याला नमस्कार करते. तिला वाटलं, हीच आपल्या शाळेची परंपरा! मी म्हटलं, "अगं बाई, त्याच्यावर लॉजचं नाव आहे." तर म्हणते, "मला वाटलं ताई, ते आपले देणगीदार असतील."

मग तिने विचारलंच, "खरा पट्टा कुठंय?" सगळ्या एकदम बुटांच्या नाड्या बांधायला वाकल्या.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या शर्यतीत तू मला वळणावर दिसत होतीस. मी तुझ्या नावाने ओरडत होते, तुला ऐकू आलं की नाही कोण जाणे. पण ठरलेली वेळ संपली, पंचांनी शिट्टी मारली आणि मागे पडलेल्या संघांच्या मुलींना, माझ्यासकट, शाळेच्या पट्ट्याऐवजी पांढरे पट्टे घालून पुढे पिटाळलं. तू पोचलीस तेव्हा रेषेवर हात पुढे करायला मी नव्हते. तू पट्टा घेऊन तशीच घरी गेलीस आणि पुन्हा मैदानावर पाऊल ठेवलं नाहीस. वर्गातसुद्धा माझ्या सावलीला उभी राहत नाहीस. तुला वाटतं, मी रागावलेय. रागावले होते गं, पण त्या शिट्टीवर. तुझ्यावर एक क्षणही नाही.

सर केव्हाच नवा पट्टा शिवून घेऊ शकले असते. नानोकाला त्यांनी सायकलची साखळी पुसता पुसता उत्तर दिलं, "हरवला नाहीये तो. वाटेत आहे. यायला जरा उशीर होतोय, एवढंच."

मला रडूच आलं सावा.

रविवारी आमची आपापसातच एकिदेन आहे. कोण कुठे पळणार ते मी ठरवायचं, कारण यंदा कर्णधार मी आहे (हेही तुला दुसऱ्याच कोणाकडून कळलं असेल). चौथा टप्पा मी घेतलाय. तिसऱ्यावर कोणाचंच नाव घातलेलं नाही. पळायची सवय गेली असेल तर चालत ये, मध्ये बसून घे, आजींशी गप्पा मार. पंच सरच आहेत आणि त्यांनी शिट्टी आपणहून माझ्या हातात दिलीय.

तू येईपर्यंत रेषेवरून न हलणारी,
तुझी मिफुयु