ओर्फाच्या नूडल्स आणि माझी सातवी रहस्यकथा

३ ऑक्टोबर १९५४, रविवार

झाला घोळ! चर्चच्या महिन्याच्या जेवणात घरोघरहून आलेली सगळ्यांची भांडी चाटूनपुसून साफ, ओर्फाचं मात्र जसंच्या तसं. तिच्या टूना माशाच्या नूडल्सना कुणी चमचाही लावला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा! कारण मी. माझ्या सातव्या रहस्यकथेत पास्टर मरतो तो याच नूडल्स खाऊन. नाव बदललं होतं की — ओर्फा लिंडक्विस्टची ओल्गा लुंड केली. केवढी ही अक्कल! वर चुरलेले बटाट्याचे वेफर्स तसेच ठेवले, आणि वेफर्स घालणारी अख्ख्या गावात ती एकटी. आमचे खरे पास्टर तर भांड्याला वळसा घालून गेले.

ओर्फानं भांड्यावर झाकण लावलं आणि घरी गेली.

४ ऑक्टोबर

न्यूयॉर्कहून संपादकांचा फोन. "बाई, धडाक्यात खपतंय! आठव्यातही असंच घरगुती विष हवं." मुखपृष्ठावर लाल झग्यातली पिस्तूलवाली. पुस्तकात ना झगा, ना पिस्तूल! म्हणाले, "नूडल्सचं चित्र काढलं तर कोण घेईल?"

ओर्फाला फोन केला. उचलला नाही.

९ ऑक्टोबर

दार बंद, फोन बंद. सात पुस्तकांत एकवीस माणसं मारली, एकाचंही वाईट वाटलं नाही. हिच्या अबोल्यानं मात्र घास उतरत नाही. शाळेपासूनची मैत्रीण. ती तुटली तर लिहून काय करायचंय मला!

२० ऑक्टोबर

अजून फोन नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

ओर्फा पुन्हा तेच भांडं घेऊन आली! मग मी पास्टरांच्या नाकासमोर उभी राहून तीन ताटल्या हाणल्या. "वा! वा!" करत. सगळे बघत होते, ही आता पडते की मग पडते. पडले नाही म्हटल्यावर जेवणाच्या समितीतल्या इंगा बर्गनं चमचाभर घेतल्या, आणि मग झुंबड! समितीनं तिथल्या तिथं ठरवलं — यापुढे दर महिन्याला ओर्फाची दोन भांडी. जिंकले! ओर्फा माझ्याकडे एकटक बघत होती. डोळे भरून आले असावेत बिचारीचे.

८ नोव्हेंबर

ओर्फा सकाळीच आली. लालबुंद.

"तीस वर्षं शिजवतेय. मला त्या नूडल्सचा वाससुद्धा सोसत नाही! महिनाभर तळ्यावर गळ टाकून बसले होते, काय सुख होतं गं! कालही कुणी खाल्लं नसतं तर स्वयंपाकाच्या यादीतून नावच उडणार होतं माझं. आणि तू आलीस गिळायला! आता निस्तर. आठव्यात अख्खी समिती मार, याच नूडल्सनी. आणि या वेळी माझं खरं नाव घाल."