साठ डाव्या बाह्या

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. सात वर्षांत मी तुला फोन केला नाही, तूही केला नाहीस, आणि त्यापायी दोघांपैकी कुणाचं जेवण अडलं असेल असं वाटत नाही. वहिनीला मात्र माझा नमस्कार सांग. तिचं माझं काही वाकडं नाही.

बाबांचं शेवटचं वर्ष मी विसरलेले नाही. पोरांनी डोक्यावर मिऱ्या वाटल्या तरी वर्गात कधी आवाज न चढवलेले आपले मास्तर बाबा, चहा निवला म्हणून आईला नको नको ते बोलायला लागले. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे बाबा नव्हेत, डोकं तपासून घेऊ. तू हसलास. वय झालं की माणूस किरकिरतोच, म्हणालास, आणि हिला राईचा पर्वत करायची खोडच आहे. चार महिने थोरलेपणा मिरवलास. तपासणी झाली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. लवकर आणलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, हे डॉक्टरांचं वाक्य तू घोकून ठेवलंस. पण ते चार महिने आई शिव्या खात होती, आणि आपला नवरा मनापासून असं बोलतोय असंच तिला वाटत होतं. मरेपर्यंत ते तिच्या मनातून गेलं नाही. त्याचं काय करशील?

पुढे आत्याही त्याच दुखण्यानं गेली. तेव्हाही दारात उभा राहून तू ‘सुटली’ म्हणालास. बाबांनाही हाच शब्द वापरला होतास. तेव्हापासून मी तुझ्याशी बोलणं सोडलं.

माझं काम चालू आहे. शाळेच्या गणवेशाचं कापड अजून मीच कापते. बाह्या कापताना एक थर सुलट, एक उलट अंथरायचा, म्हणजे डाव्या-उजव्या जोड्या निघतात. हे मी डोळे मिटूनही करीन. मागच्या महिन्यात साठच्या साठ डाव्या निघाल्या. शिवणाऱ्या बायका हसल्या, मीही हसले. आठवड्याने पुन्हा तेच झालं, तेव्हा कुणालाही न विचारता मी डोक्याची तपासणी करून आले. तुझ्यासारखी थांबले नाही.

गाठ आहे. अजून लहान आहे. बाबांच्या वेळी नव्हतं असं एक नवं औषध निघालंय, त्याच्या चाचणीत मला घेतलंय. खात्री कुणीच देत नाही. मला नाही लागू पडलं, तरी माझ्यामागून येणाऱ्या कुणाच्या तरी बाबांना पडेल, या आशेवर मी सही केली. पण त्यांची अट आहे, रुग्णाचा स्वभाव बदलतोय का, हे घरच्या माणसानं रोज लिहून द्यायचं. कारखान्यातल्या बायकांना मी कायम चिडलेलीच माहीत आहे. माझा तिरसटपणा कुठं संपतो आणि गाठीचा कुठं सुरू होतो, हे ओळखणारा जगात एकच माणूस उरलाय, आणि माझं नशीब असं की तो तू आहेस. मला भीती वाटते, दादा. ये. माफ केलेलं नाही, करणारही नाही, रोज भांडू. पण एखाद्या सकाळी मी तुझ्याशी गोड बोलले, तर सुधारली म्हणून खूश होऊ नकोस. तडक डॉक्टरांना फोन लाव.

तुझीच, दुसरा भाऊ नाही म्हणून,
धाकटी