शेरा : एक तारा

३ फेब्रुवारी २०२५, सेलू
आजपासून मोबाईलमधल्या ॲपची तपासणी सुरू.
शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून उभी हयात शाळा तपासण्यात गेली. जिंतूरच्या स्टँडवर मी एसटीतून उतरलो की पुढच्या तीन गावांत फळ्यावरची तारीख बदलायची. निवृत्त झालो आणि तपासायला काही उरलं नाही. कमलचा स्वयंपाक तपासला तर ती बायको असूनही दोन दिवस बोलत नाही.
काल प्ले स्टोअरवर लोकांचे शेरे वाचले. 'मस्त'. 'नाइस ॲप'. एकानं नुसता अंगठा दाखवलाय. याला शेरा म्हणतात? किळस आली. या क्षेत्रात जाणत्या माणसाची गरज आहे.
धोरण: रोज एक ॲप, सखोल तपासणी, लेखी शेरा. गेम आलेच तर तपासणीपुरते, अर्धा तास, जास्त नाही.
चहा कोमट आला. परत पाठवला.

५ फेब्रुवारी
पावलं मोजणारं ॲप. सकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर फिरायला येणाऱ्या दत्तरावांबरोबर चार फेऱ्या मारल्या. एकही मोजली नाही. दुपारी झोपाळ्यावर बसून पेपर वाचला तर चार हजार पावलं चाललात म्हणून अभिनंदन केलं, वर हिरवं पदक. पदक ठेवून घेतलं. शेरा: 'यंत्रणा गाफील. सबब एक तारा.'

८ फेब्रुवारी
ध्यानाचं ॲप. एक बाई डोळे मिटा म्हणते. मिटले. श्वासाकडे बघा म्हणते. बघतोय तोच बनियनची जाहिरात, तीही एवढ्या मोठ्यानं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दुपारभर मन अशांत. कमल म्हणाली, तुमी रोजच तसे असता, आज ॲपला कशाला नावं ठेवायलेत. एक तारा.

९ फेब्रुवारी
पिकावरचा रोग ओळखणारं ॲप. अंगणातल्या कढीपत्त्याचा फोटो टाकला. सोयाबीनवर खोडमाशी आहे म्हणालं. कुंडीतल्या गुलाबाचा टाकला. पुन्हा सोयाबीन. चाचणी म्हणून दत्तरावांचा टाकला. 'फोटो अस्पष्ट' म्हणालं. दत्तराव नाराज. एक तारा.

१३ फेब्रुवारी
अर्पिताचा पुण्याहून फोन. पोरगी तिथं कसल्याशा कंप्युटर कंपनीत चित्रं काढते. मी खोलात गेलो नाही. बँकेची परीक्षा दे म्हणून किती दिवस सांगतोय. आज म्हणाली, बाबा, माझं पहिलं स्वतंत्र काम बाहेर पडलंय, मला कायम करायचं की नाही ते त्याच्यावर ठरणार आहे. मी छान म्हणालो आणि तिला कढीपत्त्याचं सांगितलं. साद्यंत. शेवटी तिला मीटिंग निघाली.
नंतर मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. मला पाहून कमलनं आवाज बारीक केला. बायकांच्या गोष्टी. मी त्यात पडत नाही.

१४ फेब्रुवारी
कमल आपणहून म्हणाली, तो चहाच्या टपरीचा गेम हाय म्हणे मराठीत, तो बघा की. हिला स्वयंपाकघरात बसून हे कुठून कळतं कोण जाणे.
नाव 'गरमागरम टपरी'. आपण टपरीवाला. गिऱ्हाईक येतं, त्याला हवा तसा चहा वेळेत द्यायचा. पहिल्या लेव्हलला कॉलेजची पोरं, दुसरीला एसटीचा कंडक्टर, तिसरीला मोंढ्यातला अडत्या. पोरखेळ. अर्ध्या तासात तिन्ही पार. चौथी उद्या.
कमल मागं उभी राहून बघत होती. चौथी आजच बघा म्हणाली. मी शिस्त मोडत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चौथी सुरू केली. केवळ उद्याची तयारी म्हणून.

१७ फेब्रुवारी
चौथ्या लेव्हलला साहेबराव नावाचा एक म्हातारा आहे. ओट्यावर खुर्ची टाकून बसतो, चष्मा कपाळावर. चहा दिला की म्हणतो, कोमट आहे. गरम करून दिला की म्हणतो, साखर मोजून टाकली की अंदाजे? मोजून दिली की म्हणतो, बशी कुठाय? तोवर वेळ संपते, टपरी बंद. एवढं करून जाताना म्हणतो, आमच्या काळात असं नव्हतं.
इतका खवट, ऐतखाऊ माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. त्याच्या पुढं कप नाचवून मी बेजार झालो.
कमलला दाखवलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिलाही किळस आली असावी.

२१ फेब्रुवारी
अंगठा दुखतोय. तपासणीचा वेळ वाढवून घेतला आहे: सकाळी एक तास, दुपारी एक, आणि जेवणानंतर अवलोकन.
दूध उतू गेलं. गॅसजवळ मी होतो हे खरं, पण दुधाची जिम्मेदारी मला कोणी लेखी दिलेली नव्हती. चहात साखर अंदाजे टाकल्यासारखी वाटली. तसं विचारलं. कमल माझ्याकडं बघत राहिली. हल्ली तिचं लक्ष नसतं.

२४ फेब्रुवारी
अंतिम शेरा दिला. इथं उतरवून ठेवतो:
'सदर गेममधील साहेबराव हे पात्र अत्यंत अवास्तव आहे. असा मनुष्य सेलूत काय, मराठवाड्यात आढळणार नाही. आढळल्यास त्याच्या घरचे त्याला सहन करणार नाहीत. पात्र रचणाऱ्याने मनुष्यस्वभावाचा अभ्यास केलेला दिसत नाही. सबब पात्र तात्काळ वगळावे. एक तारा.'
दुपारपर्यंत चार जणांनी 'उपयुक्त' अशी खूण केली. समाज जागा होतोय.
गेम मोबाईलमधून काढून टाकला. सुटलो.

२५ फेब्रुवारी
गेम परत घेतला. शेऱ्यानंतर काही सुधारणा झाली का, हे पाहणं भाग आहे. झालेली नाही.

४ मार्च
मेहुणी गीताबाई परभणीहून येणार होती. तिला स्टेशनवर घ्यायला मी जायचं होतं. गाडी कधी नव्हे ती वेळेवर आली, यात माझा दोष नाही. त्या वेळी मी साहेबरावाला तिसरा कप देत होतो आणि तो जवळजवळ खूश झाला होता. गीताबाई बराच वेळ प्लॅटफॉर्मवर बसली, मग पिशवी घेऊन उन्हात चालत आली.
कमल म्हणाली, मोबाईलमधल्या म्हाताऱ्याला चहा पाजायच्या नादात जितं माणूस स्टेशनवर बसवलं तुमी.
मी गीताबाईला तो म्हातारा दाखवला, म्हणजे माझी अडचण तिच्या लक्षात यावी. तिनं एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणाली, दाजी, फोटो लय चांगला आलाय.
तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. म्हणून मी मनावर घेतलं नाही.

१० मार्च
एकट्याच्या शेऱ्यानं भागत नाही. आज मोहीम काढली. ग्राउंडवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळाला ओट्यावर बसवलं. मजकूर मी सांगितला, प्रत्येकानं आपापल्या मोबाईलवर लिहिला. कोणाच्याही मोबाईलमध्ये गेम नव्हता, तो आधी घ्यायला लावला. 'पात्र असमाधानकारक, सबब वगळावे.' एक तारा, एक तारा, एक तारा. डोळ्यांचं पारणं फिटलं.
दत्तरावांनी पाच तारे दिले. जितके तारे जास्त तितकी शिक्षा कडक, असा त्यांचा समज. समजावून सांगितलं. पटलं नाही. आयुष्यभर मार्केट कमिटीत नोकरी केलेला माणूस, काय बोलणार.

१९ मार्च
कंपनीचं उत्तर आलं. 'आपल्या मताबद्दल आभारी आहोत. चौथी लेव्हल काढून टाकण्याचा विचार सुरू आहे.' विजय. मंडळाला भजी खाऊ घातली.
संध्याकाळी जरा उदास वाटलं. भज्यांचं पित्त असावं. साहेबरावाला दोन-चार कप दिले. कोमट म्हणाला.

२९ मार्च
अर्पिता पाडव्यासाठी आली. वाळली आहे. जेवताना तिला माझ्या कार्याची माहिती दिली. शेरा वाचून दाखवला, मंडळाची मोहीम सांगितली, कंपनीची शरणागती सांगितली. ती भात चिवडत ऐकत होती. मी म्हणालो, असलं पात्र रचणाऱ्याला कामावरून काढलं पाहिजे.
ती म्हणाली, काढतीलच बहुतेक, बाबा. आणि ताट घेऊन उठली.
मी हात धुऊन आलो तर कमल दारात उभी. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती. म्हणाली, तो गेम तिच्या कंपनीचा हाय. म्हातारा तिनं काढलाय. बोलणं मी सांगितलं फोनवर, तुमी बोलता तसं. दोघी हसून हसून बेजार झालो होतो. तिला वाटलं, बाबा बघतील, वळखतील, हसतील. तुमी गाव गोळा करून लेकीच्या पोटावर पाय दिला.
मी विचारलं, बोलणं सांगितलं म्हणजे? कुणाचा म्हातारा?
ती माझ्या कपाळाकडं बघत राहिली. चष्मा तिथं होता.

३० मार्च, पाडवा
बदनामीबद्दल मायलेकींना फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. मुद्दे काढले होते. गुढी उभारताना पहिला मुद्दा मांडायचा होता, पण अर्पिता काठी धरून होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. जमलं नाही.
दुपारी विचारलं, शेरा माझा आहे हे तुला कधी कळलं. म्हणाली, पहिल्या दिवशीच. गेमच्या रिव्ह्यूत 'सबब' लिहिणारा एकच माणूस मला माहीत आहे.
मग ऑफिसात सांगायचं होतंस, की हा माझा बाप आहे म्हणून.
म्हणाली, सांगितलं असतं तर ते तुमच्यावर हसले असते.
दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगसाठी तिला आजच निघायचं होतं. स्टेशनवर सोडायला गेलो. मोबाईल घरी ठेवला. गाडीत चढताना म्हणाली, तुमच्यावर रागावून नव्हता काढला हो साहेबराव. पुण्यात करमत नव्हतं, तेव्हा काढला.
गाडी गेल्यावर मी बाकावर बसून राहिलो. गीताबाई बसली होती तोच असेल. फार कडक आहे.

२ एप्रिल
शेरे मागे घेण्याची मोहीम. ग्राउंडवर सांगितलं, फेरतपासणीत पात्र समाधानकारक आढळलं आहे, सर्वांनी पाच तारे द्यावेत. कोणी हललं नाही. एकाला पासवर्ड आठवत नाही. एकाचा मोबाईल सुनेनं नेला. दिनकरराव निवृत्त हेडमास्तर, म्हणाले, माझ्या शाळेवरचा शेरा बदला म्हणून मी दोनदा तुमच्या हापिसात आलो होतो, बदलला होता का तुमी? मला आठवत नव्हतं. त्यांना मात्र मी कोणत्या खुर्चीवर बसू दिलं नव्हतं हेसुद्धा आठवत होतं.
फक्त दत्तराव उत्साहानं तयार झाले. पाचाचा एक करून आले.

३ एप्रिल
राहिलो मी. शेरा दुरुस्त करायला बसलो. 'सदर पात्र काही अंशी वास्तव आहे.' खोडलं. 'असा मनुष्य क्वचित आढळू शकतो.' खोडलं. दुपार गेली. चहा आला. कोमट होता. प्यायलो.
शेवटी हे लिहिलं:
'साहेबराव खरा आहे. मी त्याला ओळखतो. त्याच्या घरच्यांनी त्याला सहन केलं आहे. त्याला काढू नये. काढायचाच तर माझा आधीचा शेरा काढा. रचणारीला माणसं कळतात. पाच तारे. व्यंकटराव, सेलू, रचणारीचे वडील.'
पाठवलं. कमलला वाचून दाखवणार होतो. ती वाळवण घालत होती. राहिलं.
या शेऱ्याचा परिणाम होणार. एवढ्या तपासण्यांत असा एकही लिहिला नव्हता.

१६ एप्रिल
अर्पिताचा फोन. कायम केलं. साहेबरावही राहणार. आवाज मोकळा होता पोरीचा.
मी विचारलं, माझा शेरा वाचला का वरच्या लोकांनी. म्हणाली, नाही बाबा, शेरे तसे वरचे कोणी वाचत नाहीत. मी वाचला.
मग निर्णय कशावर झाला, विचारलं. म्हणाली, आकड्यांवर. चौथ्या लेव्हलला लोक अडकून पडतात, पुन्हा पुन्हा खेळतात, तेवढ्या जाहिराती बघतात. त्यामुळे कंपनी साहेबरावावर खूश आहे. सगळ्यांत जास्त वेळा हरलेला मोबाईल सेलूतला आहे. तो तुमचाच ना, बाबा?
मी म्हणालो, आवाज कटतोय.

१७ एप्रिल
दुपारी साहेबरावाला कप देत होतो. पुन्हा टपरी बंद. कमल शेंगा फोडत बसली होती. द्या इकडं, म्हणाली. तिनं गेमला कधी हात लावलेला नाही. नियम समजावून सांगायला लागलो. ऐकलं नाही.
साहेबरावाला कप दिला. कोमट आहे म्हणाला. ती दुसऱ्या गिऱ्हाईकाचा चहा करत राहिली. साखर मोजून टाकली का म्हणाला. तिनं कप विसळले. बशी कुठाय म्हणाला. तिनं बघितलंसुद्धा नाही. मी म्हणालो, अगं तो ओरडतोय. म्हणाली, ओरडू द्या की.
थोड्या वेळानं साहेबरावानं तोच कप उचलला आणि गपचूप पिऊन टाकला. लेव्हल पार.
हे कुठं शिकलीस, मी विचारलं. म्हणाली, ह्यात शिकायचं काय हाय.
पाचवी लेव्हल उघडली. मोबाईल अजून तिच्याकडंच आहे. शेंगा मी फोडतोय.
चहाचं विचारलं. ऐकू गेलं नसावं.