चुकलेला ठोका

७ जानेवारी
आज पुन्हा तेच. रायफलच्या साईटची, नेम धरायची रिंग उडते!

पालथी पडले, डाव्या दंडाला पट्टा आवळला, रायफल खांद्यात बसवली. पन्नास मीटरवरचा काळा ठिपका रिंगच्या बरोबर मधोमध. श्वास सोडला. अशा वेळी दंडातली नाडी पट्ट्यातून रायफलीत उतरते आणि रिंग जराशी हलत राहते. ती सगळ्यांचीच हलते, त्याचं काही नाही. पण माझी टिक टिक करता करता मध्येच थांबते. आणि मग धस्सकन उडी! आज नेमकं त्याच क्षणी बोट दाबलं गेलं. सात. दहाच्या जागी सात!

परब सर मागून दुर्बिणीतून बघत होते. फौजेतून निवृत्त झाल्यावर सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, नेमबाजीची ही रेंज त्यांनीच उभी केली. म्हणाले, "रसिका, तू भियातंस गो. दुसरा काय नाय."

असेल. भीतच असेन. राज्य स्पर्धा तोंडावर आलीय.

९ जानेवारी
दोन दिवस सरांनी सांगितलेला श्वासाचा सराव. फरक शून्य.

१३ जानेवारी
आई म्हणते, "दृष्ट लागली तुका. पेपरात फोटो इलो तेव्हापासून." तिने देवळात गाऱ्हाणं घातलं. मी शेजारी उभी. ओढणीखाली मनगटाची नाडी चाचपत होते. नीट, नीट, नीट – गेली. परत आली. देवासमोर उभं राहून मी काय करतेय!

सिद्धेशला सांगितलं. माझा धाकटा भाऊ, मालवणात पर्यटकांना स्कुबाला नेतो. "माझ्यावांगडा पाण्याखाली चल. थंय सगळा गप असता," म्हणाला आणि हसला. मीही हसले. हसण्यावारी गेलं की जरा बरं वाटतं.

१९ जानेवारी
आज एक विचित्र गोष्ट सापडली. लिहू की नको? लिहिते. इथे कोण वाचतंय.

ठोका चुकतो तेव्हा रिंग थांबते. अगदी थांबते. चित्रासारखी. ती उडी त्याच्या नंतर येते. मग मी उडीला घाबरण्याऐवजी त्या थांबण्याचीच वाट बघितली. रिंग थांबली – आणि बोट दाबलं. दहा. पुन्हा वाट. पुन्हा दहा!

सर दुर्बीण सोडून उठले. "ह्यां काय नवीन शिकलंस?"

"श्वास," मी म्हटलं.

खोटं बोलले. का, ते मला नीट माहीत नाही. सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरकडे पाठवलं असतं. डॉक्टरने काही काढलं असतं. आणि घरात, आमच्या दुकानात, सगळीकडे कोणी ना कोणी हाक मारत असतं – त्या चटईवर पडल्यावर तेवढंच गप्प असतं. तेवढं एक माझं आहे.

२८ जानेवारी
आकडे चढतायत. आज सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. सड्याची चढण चढताना मात्र दम लागला. रायफलची पेटी सिद्धेशने घेतली. "म्हातारी झालंस काय गो?"

२ फेब्रुवारी
आंघोळीच्या वेळी छातीवर हात ठेवून उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. आई दार ठोठावत होती.

७ फेब्रुवारी. पुणे
काल तळेऱ्याला गाडी पकडली, सर सोबत. आज स्पर्धा.

हात गार. शेजारची मुलगी इतकी शांत, जणू झोपायला आलीय. पहिल्या दहा गोळ्या बऱ्या गेल्या. मग ठोका चुकेचना! मी वाट बघतेय, वेळ चाललाय, नाडी शहाण्यासारखी टिक टिक टिक. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं – चुकू दे. आणि चुकला. एकामागून एक, भराभर. मी त्या प्रत्येक थांब्यात गोळी सोडत गेले.

तिसरी आले. राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड! आमच्या तालुक्यातून पहिलीच, म्हणे. सरांचे डोळे भरले.

मग चटई गुंडाळायला वाकले आणि सगळं काळं झालं. डोळे उघडले तेव्हा सरांनी डोकं मांडीवर घेतलं होतं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. नुसतं विचारलं, "कधीपासून आसा ह्यां?"

सगळं सांगितलं. थांबणारी रिंगसुद्धा.

त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "आणि मी तुका भियातंस, भियातंस म्हणत रवलंय."

१० फेब्रुवारी
कुडाळच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. ती बघताना त्यांचा चेहरा बदलला. गोव्याला जा म्हणाल्या. लगेच.

१३ फेब्रुवारी
गोवा. जेल लावून छातीवर ते यंत्र फिरवतात, पडद्यावर आपलंच काळीज दिसतं. उघडझाप, उघडझाप. माझ्या शेजारी आई, पदराचं टोक दातात धरून.

डॉक्टर माझ्याहून फार मोठा नसेल. आधी कोकणीत धीर दिला, "भिवपाची गरज ना." मग आम्हाला कळेल अशा मराठीत नीट सांगितलं. हृदयाचा स्नायू जाड झालाय. जन्मापासूनच रक्तात असतं, पुढे दिसू लागतं. धावायचं नाही, जड उचलायचं नाही, रोज सकाळी एक गोळी, कधीच चुकवायची नाही. चुकवली तर? "तर एखाद दिवशी ठोका चुकेल आणि परत येणार नाही."

मी नेमबाजीचं विचारलं. जीव मुठीत धरून.

"पडून खेळायचा खेळ ना? खेळ की!"

येताना गाडीत मी गाणं गुणगुणत होते. आई बघतच राहिली.

१४ फेब्रुवारी
सरांना फोनवर गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

"ही गोळी ठोके हळू करता, हात थिर करता. आपल्या खेळात बंद आसा ती. तपासणीत सापडलंस तर नाव कायमचा गेला."

"परवानगी काढली तर?"

"आपल्या खेळात सहसा देनत नाय." मग आवाज खाली आला. "रायफल ठेव, बाय. जीव मोठो."

"आणि गोळी नाय घेतली तर?" मी विचारलं.

सरांनी फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी
गोळी पाकिटातून काढते, आई बघते, तोंडात टाकते. मागच्या दारी जाऊन अबोलीच्या बुंध्यात थुंकते. आई हाक मारून विचारते, "घेतलंस?" मी हो म्हणते. ती देवाला हात जोडते.

राष्ट्रीय स्पर्धा होईपर्यंत फक्त. मग घेईन. नक्की घेईन!

१९ फेब्रुवारी
झोप नाही. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू येतात. उजव्या कुशीवर ऐकू येत नाहीत, तर ते जास्त भीतीदायक.

२१ फेब्रुवारी
रेंजवर गेले. पुण्याहून आल्यापासून रायफल सरांच्या कपाटात; ते किल्ली काढेनात.

"डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली," मी म्हटलं. "चालणारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना विश्वास ठेवायचा होता, म्हणून ठेवला. पेटी त्यांनीच उचलून आणली, चटई त्यांनीच अंथरली. मला लाजेने मान वर करवेना.

पडले. पट्टा आवळला. टिक टिक टिक. वाट बघितली. आणि रिंग थांबली.

आधी हा थांबा किती गोड वाटायचा! आज नुसतं एकच डोक्यात – येईल ना? पुढचा येईल ना? बोट ट्रिगरवर तसंच. आला. धस्सकन. गोळी सुटलीच नाही. पुन्हा तसंच. पुन्हा. शेवटी रायफलीतली गोळी काढून घेतली आणि चटईत तोंड खुपसून पडून राहिले. सरांना वाटलं, मी विश्रांती घेतेय.

२४ फेब्रुवारी
गोव्याहून डॉक्टरांचा फोन. घरातल्या सगळ्यांना तपासायचंय, विशेषतः भावंडांना. बाबा बोटीवर नोकरीला आहेत, ते उतरले की जातील. आईने लगेच हो म्हटलं.

सिद्धेश जेवता जेवता हसायला लागला. "माका काय होवचा नाय. रोज खाली जातंय, वर येतंय. सीझन चालू आसा, मी खंय येतलंय?"

"मलाही काही वाटत नव्हतं," मी म्हटलं.

"तू चक्कर येऊन पडलंस. मी पडलंय काय कधी?"

"पाण्याखाली पडलास तर कोण बघणार?"

हे तोंडातून गेलं आणि आईच्या हातातला डाव खाली पडला. सिद्धेश ताटावरून उठला. मग अंगणातून ओरडला, "येतंय! पण एकदाच!"

२६ फेब्रुवारी
उद्या गोवा. आईला काही नाही निघणार, सिद्धेशला तर नाहीच. तो बैलासारखा आहे. नाहीच.

२७ फेब्रुवारी
आईचं ठीक. सिद्धेशचं माझ्यासारखंच – माझ्याहून जाड. त्याला एवढी वर्षं काहीच कळलं नव्हतं. पाणी आजपासून बंद. समुद्र बंद. दवाखान्याबाहेर पायरीवर बसला आणि गोळ्यांचं पाकीट त्याने लांब भिरकावलं. मी उचलून आणलं.

"तू तरी घेतंस काय खरोखर?" त्याने विचारलं.

आई ऐकत होती. मी नाही म्हटलं.

मग त्याच्याच पाकिटातली एक काढली आणि पाण्याशिवाय गिळली. तोंड उघडून दाखवलं, लहानपणी आईला दाखवायचो तसं. तिथूनच सरांना फोन लावला – राष्ट्रीय स्पर्धेतून माझं नाव मागे घ्या.

सिद्धेश पायरीवरून उठला. मग त्याने पाकिटासाठी हात पुढे केला.